नंदूचे पाहुणे आणि तीन अंगठ्या

आमच्या राजनंदिनीला धड पोहता येत नाही आणि ती समुद्राचं काम करते. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. पुढचं ऐकायच्या आधीच माणसं हसायला लागतात, मग मलाही हसू येतं, आणि हसून झाल्यावर मला पुन्हा तिची काळजी वाटायला लागते.

विट्याकडं पोरांना पोहायला शिकवायची रीत ठरलेली आहे. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. आम्ही सुट्टीला गावी आलो तेव्हा नंदूच्या वेळेला डबा होता, दोर होता, ढकलायला तिचा चुलता कमरेला टॉवेल गुंडाळून तयार होता. फक्त विहिरीत पाणी नव्हतं. दुसऱ्या वर्षी पाणी होतं तर तिला गोवर निघाला. तिसऱ्या वर्षी मीच नको म्हटलं. त्यामुळे बावीस-तेवीस वर्षांची झाल्यावर ही मुलगी जेव्हा म्हणाली, "आई, मला समुद्रातल्या पोवळ्यांचं काम मिळालंय," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी तो डबा आला.

आता ही मुलगी समुद्राकडं गेली कशी, तर तिच्या बापामुळे. हंबीरराव, म्हणजे आमचे हे, गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा करायला विट्याची माणसं देशभर पसरली आहेत. आमच्या वाट्याला तुतिकोरीन आलं, तमिळनाडूतलं बंदर. नंदूचं लहानपण तिथल्या दुकानामागच्या दोन खोल्यांत गेलं. बोटीवरच्या माणसांच्या बायका मोडायला सोनं घेऊन यायच्या, त्यांच्या मांडीवर बसून ती तमिळ शिकली. मी सांगलीची, बी.ए. झालेली, मला तमिळमध्ये वांग्याला काय म्हणतात तेवढंच यायचं, तिला वांग्याचे चार प्रकार यायचे. पुढे आम्ही दुकान पुतण्याच्या हवाली करून विट्याला परत आलो, ती सांगलीला कॉलेजात गेली, आणि पदवी घेऊन सरळ परत तुतिकोरीनला पळाली.

नंदू शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञ जे सांगतात ते बोटीवरच्या माणसाला पटेल असं करून सांगायचं, हे तिचं काम. पोवळं म्हणजे दगड नव्हे, तो जिवंत जीव आहे. त्याच्या खडकांत मासा अंडी घालतो, वाढतो. त्याच्यावर बोटीचा नांगर टाकला की शंभर वर्षांची वाढ मोडून पडते. समुद्राला कुंपण नाही, म्हणून हे तमिळनाडूत सांगायचं, समोरच्या श्रीलंकेत सांगायचं, खाली मालदीवमध्येही सांगायचं. तिन्हीकडं भाषा वेगळी, माणसं वेगळी, रुसवे वेगळे.

सुरुवातीला तिनं एक सुंदर पोस्टर केलं, लालभडक पोवळ्याच्या चित्राचं. तुतिकोरीनच्या धक्क्यावर लोक तिला विचारायला लागले, सराफाचं नवीन दुकान कुठं उघडलंय? श्रीलंकेत त्या पोस्टरमध्ये सुकी मासळी बांधली गेली. कागद जाड होता, असं तिथून कौतुकाने कळवण्यात आलं. मालदीवच्या लोकांनी मात्र नम्रपणे उत्तर पाठवलं: आमची बेटंच पोवळ्यांची आहेत, आम्ही त्यांच्यावर झोपतो, आम्हाला चित्र कशाला?

त्यावर नंदूनं डोकं लढवलं. तिन्ही देशांतल्या समुद्रावर जाणाऱ्या माणसांनीच एकत्र बसून एक मिनिटाचा एक निरोप बोलायचा, आणि तो तिन्हीकडच्या धक्क्यांवर भोंग्यावरून वाजवायचा. तिच्या ऑफिसनं हो म्हटलं, पण अट घातली. ही माणसं एका बैठकीत एका निरोपावर आली तर ठीक, नाहीतर काम एका मोठ्या जाहिरात कंपनीकडं जाणार. त्या कंपनीनं टोपी घातलेलं एक बोलकं कासवसुद्धा तयार ठेवलं होतं.

"आई, त्या कासवाला दात आहेत गं," नंदू फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली. "माझी तीन वर्षं त्या दातवाल्या कासवाच्या घशात जाणार."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात क्षणभर आलं की जाऊ दे, पोरगी घरी येईल, सांगलीत कुठंतरी पंख्याखाली नोकरी करेल. पण तिचा आवाज ऐकून मीच त्या कासवाला दोन शिव्या घातल्या.

बैठक कुठं घ्यायची यावरच पहिलं भांडण झालं. भारताच्या बंदरात श्रीलंकेचं माणूस यायला तयार नाही, कारण इकडच्या बोटी तिकडं घुसून मासे नेतात. श्रीलंकेत तुतिकोरीनचं माणूस जायला तयार नाही, कारण तिकडं गेलेल्यांना धरून ठेवतात. मालदीवचं माणूस म्हणालं, मी दोघांमध्ये बसणार नाही. तेव्हा नंदूनं एक तोडगा काढला. जिथं समुद्रच नाही, बंदर नाही, बोट नाही, जिथं कुणाची हद्द नाही, अशा गावात बसायचं. असं गाव तिला एकच माहीत होतं.

"आई, आपल्या गच्चीवर चालेल ना?"

मी म्हटलं चालेल, आणि त्या क्षणापासून मला झोप नाही. पाण्याचा टँकर वेळेवर येईल का? संडासाचा नळ दुरुस्त होईल का? कोयनेला धरणी हलली की आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात, तेव्हा पाहुणे घाबरले तर? "त्यांना आधी कल्पना देऊन ठेव," मी नंदूला बजावलं. ती म्हणाली, "आई, ती माणसं वादळात बोटीवर झोपतात." मी म्हटलं, झोपत असतील, पण ती त्यांची बोट आहे, ही माझी मांडणी आहे.

पाहुणे आले. तुतिकोरीनचे अंतोनी, काळेभोर, रुंद खांद्यांचे, बोटीवर आयुष्य गेलेले. श्रीलंकेच्या निलांतीबाई, साठीला आलेल्या, मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या पुढारी; सिंहली असून तमिळ फाडफाड बोलणाऱ्या. आणि मालदीवचे इब्राहिम दीदी. दीदी हे त्यांचं आडनाव. शेजारच्या अंबूबाईंना मी नावं आधी सांगून ठेवली होती, त्यामुळे त्या बांगड्या घेऊन दारात उभ्या. "दीदी कुठायत, दीदी?" म्हणाल्या, तर पिळदार मिशांचा माणूस हात वर करून पुढं आला. अंबूबाईंनी बांगड्या पदराखाली घेतल्या त्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत.

इब्राहिमभाई हिंदी बोलायचे, पण सगळं टीव्हीवरच्या मालिका बघून शिकलेलं. मला बघताच वाकून म्हणाले, "माँजी, इस घर की दहलीज़ पर मेरा पहला कदम है." मी इतकी गडबडले की त्यांना मीच नमस्कार केला.

आमचे हे प्रत्येकाचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडेनात. डावा झाला की उजवा. मला वाटलं तमिळनाडूत राहून माणूस प्रेमळ झालाय. निलांतीबाईंचाही हात दाबून धरल्यावर मात्र मी खाकरले. "असू दे की," हे म्हणाले, "पाहुणी हाय." खरं कारण मला नंतर कळलं.

जेवणाचीही एक तऱ्हा झाली. समुद्राच्या माणसांना मासे लागणार म्हणून हे सकाळी गाडी काढून सांगलीला गेले आणि कृष्णेतला मासा घेऊन आले. मला मटण डोळे मिटून करता येतं, पण मासा डोळे उघडे ठेवूनही नाही. मी त्याला फोडणी देऊन झाकण ठेवलं आणि देवाचं नाव घेतलं. थोड्या वेळाने अंतोनी वास घेत घेत स्वयंपाकघरात आले, झाकण उचललं, आत बघितलं आणि टोपी काढून छातीशी धरली, जसं कुणी गेल्यावर धरतात. मग यांना तमिळमध्ये काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"म्हनतायत, ह्यो दोनदा मेलाय."

तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात अंतोनींचं राज्य. चिंच कुठं, कढीपत्ता कुठं, नारळ कुठं. इब्राहिमभाई कांदा चिरताना डोळे पुसत "ये आँसू नहीं हैं माँजी" म्हणायचे. अंबूबाई तिसऱ्यांदा साखर मागायला आल्या तेव्हा मी त्यांना सरळ पाट टाकून बसवलं.

इतकं सगळं गोड, आणि गच्चीवर गेलं की कुरुक्षेत्र. वर मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, नंदूनं मध्ये आवाज टिपायचं छोटं यंत्र ठेवलं होतं. मी चहा घेऊन गेले की कानावर पडायचं, तमिळचं मराठी हे करून सांगायचे. निलांतीबाई म्हणायच्या, निरोपात हेच असायला हवं की भारताच्या मोठ्या बोटींनी समुद्राचा तळ खरवडणं थांबवावं. अंतोनी म्हणायचे, माझी बोट लहान आहे, मोठ्यांचं पाप माझ्या डोक्यावर का, आणि तुमच्या किनाऱ्यावर दारूगोळा टाकून मासे मारतात ते कोण? इब्राहिमभाई छाती पुढं काढून सांगायचे की आम्ही गळानं एकेक मासा धरतो, आमचे हात स्वच्छ आहेत. त्यावर बाकीचे दोघं पहिल्यांदाच एक व्हायचे आणि त्यांच्यावर तुटून पडायचे. नंदू एकाचं बोलणं दुसऱ्याला समजावत तिघांमध्ये फिरत होती. निरोप मात्र एक ओळसुद्धा पुढं सरकत नव्हता. प्रत्येकाला दुसऱ्याला काय सांगायचं ते अगदी पाठ होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी ती जिन्यात बसून राहिली. "संपलं आई," म्हणाली. "आज दुपारी ते निघणार. कासवाची गाडी आली समज."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. विचारलं, "चहा ठेवू?" ती हसली आणि लगेच रडली. मग उठून वर गेली, एकदा शेवटचं बघते म्हणाली.

दुपारी सगळे वरच होते. खाली कुकर लावून मी वर आले तर हे अंगात कोट घालून, डोक्याला फेटा बांधून उभे. निरोपाचा आहेर. गलाईच्या धंद्यातला माणूस पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाही, हे मला माहीत होतं. शाल, नारळ, गुळाची ढेप, हळद, इथपर्यंत मी जमवलेलं होतं. तिघांना फेटे बांधले. इब्राहिमभाईंना तो इतका शोभला की त्यांनी फोनमध्ये स्वतःकडं बघून "वाह" म्हटलं. निलांतीबाईंनीही फेट्याचा हट्ट धरला आणि मिळवला.

मग यांनी कोटाच्या खिशातून तीन लाल डब्या काढल्या.

"आता ही माझ्याकडनं," हे म्हणाले. "मागं तीन वर्सं ही पोरगी घरात एकच शब्द बोलती हाय. पोवळं, पोवळं, पोवळं. तवाच मी ठरवलं. पोवळ्यासाठी इतक्या लांबनं मानसं आली, त्यांच्या हातात पोवळंच पडलं पायजे."

डब्या उघडल्या. प्रत्येकीत सोन्याची जाड अंगठी, आणि तिच्यावर हरभऱ्याएवढं लालबुंद पोवळं. मापं अगदी बरोबर. हात दाबून धरण्याचं कारण ते.

खालून एक उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

"अगं बाई, किती झ्याक!" अंबूबाई म्हणाल्या.

"पप्पा!" नंदू किंचाळली. "पप्पा, तुम्ही... ही माणसं पोवळं वाचवायला आलीत! तुम्ही त्यांना पोवळं मारून देताय!"

"आगं, मी कशाला मारू? सांगलीतनं आनलंय."

"हे लाल पोवळं खोल समुद्रातलं असतं, आपल्या किनाऱ्याचं नसेलही, पण म्हणून काय झालं? कोंबड्या वाचवणाऱ्या माणसाला तुम्ही कोंबडीचं कालवण वाढलंत!"

यांनी स्वतःच्या बोटाकडं बघितलं. तिथंही पोवळंच होतं, लग्नापासूनचं, मंगळासाठी घातलेलं. ती मूठ त्यांनी हळूच पाठीमागं नेली. मला वाटलं धरणीनं आत्ता हलावं, म्हणजे सगळ्यांचं लक्ष मांडणीकडं जाईल.

आणि तेवढ्यात निलांतीबाई हसल्या. आधी फेटा हलला, मग खांदे, मग त्या खुर्चीत मागं रेलून इतक्या हसल्या की फेटा डोळ्यांवर आला. अंगठी उजेडात धरून तमिळमध्ये भडाभडा बोलायला लागल्या. हे मला कानात सांगत होते, पण मध्येच तेही थांबले, कारण हसता हसता बाईंचा आवाज बदलला होता.

त्यांचे वडील दक्षिणेच्या किनाऱ्यावर पोवळी फोडून, भट्टीत भाजून चुना करायचे. गावातली अर्धी घरं त्या चुन्यानं पांढरी झाली. स्वतः निलांतीबाई लहानपणी डोक्यावर टोपली घेऊन भट्टीपर्यंत जायच्या. मग त्सुनामीची ती मोठी लाट आली, तेव्हा किनाऱ्यापुढं तिला अडवायला काही उरलंच नव्हतं. "मी इतके दिवस याला शिव्या घालतेय," त्यांनी अंतोनींकडं बोट दाखवलं, "आणि चुन्याचं कुणाला सांगितलं नाही."

अंतोनींनी डबी मिटली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, माझ्या आजीच्या घराची भिंत पोवळ्याच्या दगडांची आहे. आजोबांनी फोडून आणलेले. ती भिंत मी दरवर्षी रंगवतो आणि धक्क्यावर जाऊन लोकांना सांगतो, पोवळं तोडू नका.

सगळे इब्राहिमभाईंकडं वळले. हात स्वच्छ असलेले इब्राहिमभाई फेट्याशी चाळा करत होते.

"माँजी," ते मला म्हणाले, जणू मी न्यायाधीश, "मेरी अम्मी के गले में काले मूँगे की माला थी. और हमारी पुरानी दीवारें भी... वही. मैंने कभी सोचा नहीं." मूँगा म्हणजे पोवळंच.

मग एकदम नंदूनं झडप घालून ते यंत्र उचललं, कळ दाबली आणि तिघांच्या मध्ये गुडघ्यांवर बसली. "परत," ती म्हणाली. "हेच परत बोला. दुसऱ्याचं काही नको. फक्त आपल्या घरातलं."

ते बोलले. प्रत्येकजण आपापल्या भाषेत, एका दमात. आजीची भिंत. बापाची भट्टी. आईची माळ. आणि शेवटी अंतोनी सहज म्हणाले, "आता मी नांगर वाळूत टाकतो." निलांतीबाईंनी तेच सिंहलीत म्हटलं. इब्राहिमभाईंनी त्यांच्या दिवेही भाषेत. एवढ्यात खाली माझ्या कुकरची शिट्टी झाली, अशी दणदणीत की गच्चीवरची कबुतरं उडाली. भात करपायच्या भीतीनं मी भान विसरले आणि जिन्याकडं धावताना ओरडले, "आवं, जेवायला चला की सगळी!"

मागं वळून बघते तर नंदूच्या हातात यंत्र, त्यावरचा लाल दिवा चालू, आणि ती माझ्याकडं अशी बघतेय की मला कळलं, मीही त्यात गेले.

पुन्हा बोलून घेऊ म्हटलं तर तिघंही जेवायला बसलेले. जेवणं झाल्यावर बोलून बघितलं तर सगळे शाळेत कविता म्हणताना उभे राहतात तसे बोलायला लागले. शेवटी पहिलंच ठेवलं.

अंगठ्यांचं काय झालं, ते सांगायला हवं. आमच्या घरात सोनं वितळायला वेळ लागत नाही. यांनी त्याच दुपारी तीनही पोवळी काढली, सोनं गाळलं आणि पाहुण्यांना साधी वळी करून दिली. चौथं पोवळं त्यांनी स्वतःच्या अंगठीतून काढून नंदूच्या हातावर ठेवलं. "घे. मंगळाचं मंगळ बघून घेईल." आता ती चारही पोवळी तिच्या पिशवीत असतात. कुठंही बोलायला उभी राहिली की आधी ती टेबलावर मांडते आणि सांगते, ही माझ्या वडिलांनी दिली, ऐका कशी. माणसं खुर्च्या पुढं ओढून बसतात.

ऑफिसनं निरोप ऐकला आणि कळवलं, उत्तम, फक्त ती शिट्टी आणि बाईंचं ओरडणं कापा. नंदू कापायला तयार होती. अंतोनींनी अडवलं. शिट्टी काढली तर लोक म्हणतील हे एसीत बसून बोललेत, असं त्यांचं म्हणणं. निलांतीबाईंनी त्यांना दुजोरा दिला. भारत आणि श्रीलंका एका गोष्टीवर एक झाले म्हटल्यावर ऑफिसचं काही चाललं नाही. टोपीवालं कासव कुठं गेलं माहीत नाही. सुखात असो बिचारं.

परवा नंदूचा फोन आला. श्रीलंकेच्या धक्क्यावरून, निलांतीबाईंच्या गावाहून. "आई, काही बोलू नको, नुसतं ऐक," म्हणाली. इंजिनांची धडधड, पक्षी, आरडाओरडा, आणि त्यावरून भोंग्याचा खरखरीत आवाज. आजीची भिंत झाली, भट्टी झाली, माळ झाली. नांगर वाळूत, तीनदा. आणि मग तिथं, समुद्रापलीकडं, माझा कुकर वाजला.

शिट्टी संपायच्या आत धक्क्यावरची पोरं, बायका, बोटीवरची माणसं एका सुरात ओरडली, "आवं, जेवायला चला की सगळी!" उच्चार असे की माझ्या सासरच्यांनी मान डोलावली असती.

"ऐकलंस?" नंदू हसता हसता ओरडत होती. "त्यांना वाटतं हा निरोपाचाच भाग आहे! आता वाळूत नांगर टाकला की हेच म्हणतात. तुतिकोरीनला पण सुरू झालंय. आई, तू तीन देशांत..."

पुढचं वाऱ्यानं नेलं. हे शेजारून "स्पीकरवर टाक, स्पीकरवर टाक" करत होते, अंबूबाई काय झालं काय झालं विचारत होत्या, आणि मी हसतेय की रडतेय ते मलाच कळत नव्हतं. एवढ्या गोंधळात मला एकच विचारायचं सुचलं.

"नंदे, तू बोटीवर आहेस का? ते तरंगायचं जॅकेट घातलंयस ना?"

"घातलंय गं आई!"

आणि मागून निलांतीबाईंचा आवाज, मोडक्यातोडक्या मराठीत, मीच शिकवलेल्या: "न्हाई घातलं! न्हाई!"